एकेचाळीस नावं आणि वाळूचं घड्याळ

गनी शेखला चार हात आहेत असं धुळ्याच्या देवपुरातले लोक गमतीने म्हणत, आणि ते फारसं खोटं नव्हतं. पितांबर नानांच्या छापखान्यात तो सव्वीस वर्षं खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवत होता. डाव्या हातात जुळणीची स्टिक, उजवा हात लाकडी केसच्या खणांतून अक्षरं वेचतोय, तोंड गिऱ्हाइकाशी बोलतंय आणि कान पलीकडच्या, पायाने चालणाऱ्या ट्रेडल मशीनकडे. ट्रेडलवरच्या चांदने कागद तिरका घातला की गनी मान न वळवता ओरडायचा, "चांद, डावी बाजू उतरली!"

एक पत्रिका अर्धी जुळवून झाली आणि मध्येच कुणाचं तातडीचं हँडबिल आलं तरी त्याचं काही अडत नसे. अर्धं मॅटर लोखंडी गॅलीत, म्हणजे लांबट तबकात घ्यायचं, भोवती सुतळीचे चार वेढे द्यायचे, गाठ मारायची आणि गॅली फळीवर सरकवायची. दोन दिवसांनी या नाहीतर महिन्याने या, अक्षर न् अक्षर जागच्या जागी. लग्नसराईत त्याच्या फळीवर अशा बारा-बारा गॅल्या असत आणि कुठलीत कुणाचं लग्न अडकलंय ते त्याला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं.

मग चौऱ्याण्णव सालच्या संक्रांतीला नानांनी कॉम्प्युटर आणला. त्याच्यासाठी काचेची खोली बांधली, खोलीला कूलर लावला, दाराशी पाटी लावली की चपला बाहेर काढाव्यात. इकडे चांद घामाने निथळतोय आणि त्या पेटीला वाळ्याचा गार वारा! गनीला पहिल्या दिवसापासून राग आला तो ह्या कूलरचा.

"गनी, हे मशीन एका वेळी चार कामं करतं," नाना कौतुकाने म्हणाले.

"चार तर मीपण करतो, नाना."

"तू म्हातारा होशील. हे होणार नाही."

इथं नाना चुकले. चार वर्षांत ते मशीन म्हातारं होऊन कोपऱ्यात पडलं आणि गनी आणखी बरीच वर्षं टिकला. पण त्या दिवशी हे कुणाला ठाऊक होतं! नाना मनाचे वाईट नव्हते, पण एकदा एखादी गोष्ट डोक्यात बसली की ती उठत नसे. त्यांनी अक्षय्य तृतीयेची, म्हणजे खानदेशातल्या आखाजीची, मुदत घालून सरळ सांगून टाकलं, "आखाजीपर्यंत बघू. तुला जमलं तर मशीन तुझं. नाही जमलं तर नाशिकचा एक ऑपरेटर आहे, कोर्स केलेला, त्याला बसवतो. मग तू कटिंगला जा. खिळे तर आता भंगारवाल्यालाच द्यायचेत."

कटिंगला, म्हणजे कोऱ्या कागदांच्या कडा कापत बसायचं. ज्याने अर्ध्या धुळ्याच्या लग्नांची नावं जुळवली, त्याने!

मशीन शिकवायला जळगावहून जीवराम चौधरी आला. हा इंजिनिअर माणूस, पण पाय जमिनीवर असलेला. गनीने त्याला पहिलाच प्रश्न टाकला, "एका वेळी चार कामं कशी करतं हे?"

"खरं सांगू का, गनीभाई? करतं एकेकच. पण आळीपाळीने, भराभर, म्हणून चार वाटतात. एका प्रोग्रामचं झालं की त्याने आपणहून उठायचं आणि दुसऱ्याला जागा द्यायची."

"आणि नाही उठला तर?"

"तर बाकीचे उभे."

"त्याला उठवणारं कोणीच नाही?"

जीवरामने डोकं खाजवलं. "नाही. बंद करून परत चालू करायचं."

"म्हणजे आमच्या गल्लीतली हापशी," गनी म्हणाला, आणि जीवराम मनापासून हसला. हापशीवर एखादीने हंडा भरल्यावर कळशी लावली, कळशीनंतर बादली लावली, तर मागच्या बायांनी नुसतं बघत उभं राहायचं. ह्या पेटीतही तोच प्रकार होता. शाळेच्या वार्षिक अंकाचा प्रिंट सुटला की पडद्यावर वाळूचं घड्याळ येई आणि बाकी सगळं ठप्प. गनीने दाबलेली अक्षरं उमटतच नसत, आणि मग अचानक पाच-सहा अक्षरं एकदम उडी मारून येत. रमजानचा महिना नुकताच सुरू झालेला, रोज्यात तोंड सांभाळावं लागे, म्हणून त्या घड्याळाला तो मनातल्या मनात शिव्या देई. ईद झाली तशा त्या मोठ्याने देऊ लागला.

एक गोष्ट मात्र त्याला फार आवडली. उघडलेलं काम बारीक करून ठेवता येई. खिडकी मिटायची आणि पडद्याच्या तळाशी तिचं एक चिमुकलं चित्र बसायचं. तिथं पत्रिका, शेजारी हँडबिल, त्याच्या शेजारी दुसरी पत्रिका. त्यावर माऊसचं बटण दाबलं की काम जसंच्या तसं पुढ्यात. "ही तर माझी फळी!" गनी खूश झाला. जीवराम जाताना तीनदा बजावून गेला होता की काम सेव्ह करत जा. गनीने ते ऐकलं, पण आपल्या पद्धतीने. पुरं झालेलं आणि पुढल्या वर्षी परत लागणारं मॅटर छापखान्यात तसंच उभं जपून ठेवतात. सेव्ह म्हणजे ते, असं त्याने धरलं. अर्धवट काम कोण जपून ठेवणार? ते फळीवर असतंच की.

असं करत करत आखाजी तीन दिवसांवर आली.

मंगळवारी दुपारी झुंबरबाई आली. पारोळ्याच्या अलीकडल्या एका खेड्यातली, साठीची, विधवा बाई. धाकट्या मुलाचं लग्न आखाजीनंतर आठव्या दिवशी होतं. काचेच्या दाराशी चपला काढायला सांगितल्यावर ती थबकली आणि आपल्या अहिराणीत म्हणाली,

"यामा देव शे का, गनीभाऊ?"

"देव नही, अक्का. पन रुसस देवनामायक."

बाई हसली आणि खुर्चीत नीट बसली. पत्रिकेचा वरचा मजकूर काय, ठरलेलाच असतो. खरं काम खाली होतं, 'आपले नम्र' ह्या दोन शब्दांच्या खाली, जिथं भाऊबंदांची नावं येतात. तिच्या भावकीत बारा वर्षं दोन तट पडले होते. ह्या लग्नाच्या निमित्ताने तिला सगळे एका कागदावर आणायचे होते. कोण वर आणि कोण खाली, ह्यात एका नावाची उलटापालट झाली तरी अर्धा मांडव रिकामा राहिला असता.

"कागद कोठे शे, अक्का?"

"कागद कसाले? माले काय लिखता येस? बठ्ठी नावं मना तोंडमा शेतस. बारा दिन इचार करी ठरायेल शे. मी सांगस, तू लिख."

पहिलं नाव चुडामण आबांचं. गनीने ते दोन बोटांनी शोधून शोधून दाबलं, आणि वाळूचं घड्याळ आलं. शाळेच्या अंकाचा प्रिंट चालू होता ना!

"थांबनं पडी, अक्का. मशीन दम खाई ऱ्हायनं."

रिकामं बसायची झुंबरबाईला सवय नव्हती. हाताला काम नाही म्हटल्यावर तिने तोंड चालवलं. चुडामण आबा म्हणजे भावकीतला सगळ्यात वडील माणूस, त्यांनी तिच्या लग्नात नवरदेवाचा घोडा पळाला तेव्हा तो कसा धरून आणला. आबांनंतर धनसिंग, कारण तो घोडा धरायला आबांबरोबर पळालेला. धनसिंगनंतर त्याचा साडू झालेला सुपडू. घड्याळ गेलं की नाव, घड्याळ आलं की गोष्ट. एका गोष्टीच्या शेपटाला दुसरीचं तोंड बांधलेलं. एरवी गनी त्या घड्याळावर उखडला असता, पण त्या दुपारी त्याला वेळ कसा गेला ते कळलं नाही. बाई बोटांच्या पेरांवर मोजत चाळीसपर्यंत आली आणि थांबली.

"आते शेवटनं. वना भिकन पाटील. बठ्ठासना खाले लिख."

"वना भिकन," गनी कळा शोधत पुटपुटला.

"टाकनं तं पडी. भाऊबंद शे ना." तिचा आवाज जरा कडक झाला होता.

आणि घड्याळ आलं ते जाईचना. बाई पदराशी चाळा करत बसली. मग हळूहळू बोलू लागली. वना तिच्या मालकांचा चुलतभाऊ. एका श्रावणात मालक तापाने फणफणले, बोरी नदीला पूर, बस बंद. वनाने त्यांना गाडीत घातलं आणि स्वतः पुढं होऊन, बैलांच्या कासऱ्याला धरून, पाण्यातून चालत गेला. पारोळ्याच्या दवाखान्याच्या ओट्यावर आठ दिवस झोपला. मालक त्यानंतर नऊ वर्षं जगले. "आनी मंग बांधवर एक हात जागा निंघनी," ती म्हणाली, "तेवढावरथून बोलनं बंद." मालक गेले तेव्हा वना आला होता. लांब निंबाखाली उभा राहिला आणि पाणीही न पिता परत गेला.

घड्याळ गेलं. पडद्यावर 'वना भिकन पाटील' एकदम उमटलं. बाईने पदराने डोळे पुसले आणि कोरड्या आवाजात विचारलं, "लिखायनं का?"

"लिखायनं, अक्का."

ती तशीच बसस्टँडवर गेली. सोबतच्या बाया तिथं थांबल्या होत्या, लग्नाचा बस्ता फाडायला सगळ्या सुरतला चालल्या होत्या. गुरुवारी सकाळी कापडाच्या गठुड्यांसकट ती थेट छापखान्यात येणार होती. शुक्रवारी आखाजी, लेकी माहेरी येणार, त्यांच्या हातीच पत्रिका वाटायच्या होत्या.

गनीने पत्रिका बारीक करून तळाला ठेवली. सात चित्रं ओळीने बसली होती, भरल्या फळीसारखी. त्याने आठवं काम उघडायला घेतलं, तिकडे अंकाची पुढची पानं प्रिंटला सोडली, आणि वाळूचं घड्याळ आलं. एक चहा झाला. दुसरा झाला. घड्याळ हलेना, प्रिंटर चालेना, कळा दाबून काही होईना. शेवटी त्याने जळगावला फोन लावला.

"किती कामं उघडी आहेत?" जीवरामने विचारलं.

"सात."

"सेव्ह केलीत ना?"

"पुरी झाल्यावर करणार होतो."

मग जीवरामने अगदी हळू आवाजात, आजाऱ्याच्या घरी बोलावं तसं, कुठल्या तीन कळा एकदम दाबायच्या ते सांगितलं. गनीने दाबल्या. पुन्हा दाबल्या. पडदा काळा झाला, उजळला, आणि तळाला एकही चित्र नव्हतं. फळी रिकामी.

सहा कामांचे कागद होते, ती परत करता आली असती. झुंबरबाईचा कागद नव्हता. सुरतेत ती कुठं उतरली ते ठाऊक नव्हतं. भावकीत कुणाला विचारावं तर विचारलेला माणूस स्वतःचंच नाव वर सांगणार आणि लग्नाआधी भांडण पेटणार. नाना कागद आणायला जळगावला गेले होते ते गुरुवारी येणार, तेवढाच काय तो दिलासा. गनी कूलरच्या वाऱ्यात घामाघूम होऊन बसला. कटिंगचं मशीन त्याला काचेतून समोर दिसत होतं.

बुधवारी सकाळी तो कॉम्प्युटरसमोर बसला. 'आपले नम्र' टाकलं, त्यापुढं काही सुचेना. बोटांना काहीच आठवत नव्हतं. आठवणार कसं? सगळं लक्ष कळा शोधण्यात. बारीक उभी रेघ पडद्यावर लुकलुकत राहिली, जणू विचारत होती की पुढं काय. दहाला वीज गेली. बरं झालं, असं त्याला वाटलं. तो उठला, चपला घातल्या आणि जुन्या केसपाशी येऊन उभा राहिला.

सव्वीस वर्षांची जागा ती. फरशीसुद्धा तिथं झिजलेली. त्याने स्टिक डाव्या हातात घेतली आणि डोळे मिटले. पहिलं काय आठवावं? पूर आलेली बोरी. कासरा धरून पाण्यात शिरलेला माणूस. वना! हात आपोआप खणाकडे गेला. जे पहिलं आठवलं तेच बाईने पहिलं सांगितलेलं असणार, असं त्याने धरलं आणि 'आपले नम्र'च्या खाली सगळ्यात वर जुळवलं, वना भिकन पाटील. इथंच चूक झाली, आणि गनीला तिचा पत्ताही नव्हता.

कारण पुढचं सगळं बिनचूक येत गेलं. पळालेला घोडा, म्हणजे चुडामण आबा. त्यांच्यामागे धावणारा धनसिंग. धनसिंगचा साडू सुपडू. एकेक खिळा वेचायला लागणारा वेळ आणि एक गोष्ट आठवायला लागणारा वेळ अगदी सारखा होता. नाव संपे तोवर पुढचं दारात उभं. कुणी हळदीच्या दिवशी विहिरीत घागर पाडली होती, कुणी मुंजाला नवस बोलून विसरला होता. ज्या घड्याळाला त्याने चार महिने शिव्या दिल्या, त्यानेच ही सगळी माणसं त्याच्या ओळखीची करून ठेवली होती. दुपारी चारला त्याने ओळी मोजल्या. एकेचाळीस! त्याला इतका आनंद झाला की त्याने चांदला चहा पाजला.

मग मॅटर गॅलीत घेऊन तो सुतळीचे वेढे देऊ लागला. गाठ मारता मारता त्याचा हात थांबला. नवीन असताना उस्तादांनी त्याला पहिली गोष्ट काय शिकवली होती? दोरी बांधल्याशिवाय गॅली उचलायची नाही. आणि त्याने काल काय केलं होतं? सातच्या सात गॅल्या दोरीशिवाय फळीवर चढवल्या होत्या. ते चिमुकलं चित्र म्हणजे गाठ नव्हे. गाठ म्हणजे सेव्ह! जीवराम तीनदा तेच सांगत होता आणि ह्याने त्याचा भलताच अर्थ लावला होता. गनी एकटाच मोठ्याने हसला. चांदने ट्रेडल थांबवून त्याच्याकडे पाहिलं आणि उन्हाचा परिणाम असेल म्हणून पुन्हा सुरू केलं.

संध्याकाळपर्यंत पत्रिका छापून झाल्या. वीज आली तसा गनी काचेच्या खोलीत गेला आणि बाकीची सहा कामं नव्याने करायला बसला. खुर्चीशेजारी एक साधा लोखंडी खिळा ठोकून त्याने सुतळीचे तुकडे लटकवले. काम बाजूला ठेवायचं तर आधी सेव्ह, मग सुतळीला एक गाठ, मगच खिडकी मिटायची.

गुरुवारी सकाळी नाना जळगावहून आले आणि त्यांच्या पाठोपाठ झुंबरबाई, डोळे तारवटलेली, सोबत दोन गठुडी. नानांनी गठ्ठ्यातली एक पत्रिका उचलून उलटी केली. मागून हात फिरवला. अक्षरांचा उठाव बोटांना लागला.

"हे खिळ्यांचं आहे," नाना म्हणाले. "गनी, मग ते मशीन काय पूजेला आणलंय?"

गनी उत्तर द्यायला तोंड उघडतो तोच बाई म्हणाली, "नाना, ते ऱ्हाऊ द्या. गनीभाऊ, आधी नावं वाची दाखाड."

ती गठुड्यावर बसली, डोळे मिटले, हाताची बोटं मोजायला पुढं केली. गनीने वाचायला सुरुवात केली. "आपले नम्र. वना भिकन पाटील."

बाईचा हात वर झाला. डोळे उघडले.

"काय वाचं?"

"वना भिकन..." आणि गनीला आठवलं. बठ्ठासना खाले लिख. तो कडक आवाज.

त्याने मग काही लपवलं नाही. सात कामं कशी उघडी ठेवली, मशीन कसं अडलं, नावं कशी गेली, आणि घड्याळ असताना बाईने सांगितलेल्या गोष्टींवरून ती परत कशी जुळवली, ते सगळं सांगितलं. "बाकीना चाळीस लाईनमा शेतस, अक्का. पन वनाभाऊनी गोष्ट माले सर्वास्ना पहिले याद उनी. मनी चूक शे."

"अक्का, चूक आमची," नाना घाईने म्हणाले. चेहरा पडला होता. "परत छापून देतो. आज दिवसभरात..."

बाईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "मी वनानी इतली गोष्ट करी?"

"सर्वास्मा मोठी, अक्का."

चांदनेसुद्धा ट्रेडलवरचा पाय काढला होता. बाईने गठ्ठ्यातली एक पत्रिका हातात घेतली. वाचता येत नसलेल्या त्या पहिल्या ओळीवरून तिने अंगठा फिरवला. खिळ्यांचा दाब तिच्याही बोटाला लागला असणार.

"मंग ज्यानी इतली गोष्ट करी," ती शेवटी म्हणाली, "तो शेवट कसा ऱ्हाई? ऱ्हाऊ दे. आसंच ऱ्हाऊ दे."

"आनी चुडामण आबा?" गनीने भीत भीत विचारलं. "त्यास्ना वर नाव गयं..."

"आबा काय बोलाव नहीत. त्या रोज गाडामा मालकनं डोकं मांडीवर लिसन आबाच बठेल व्हतात." तिने वरची एक पत्रिका काढून वेगळी कमरेला खोचली. "हाई वनानी. मी सोता जाईसन दिसू." उरलेली चाळीस नावं तिने ऐकली, बोटांवर मोजली, मान डोलावली आणि गठुडी उचलायला चांदला हाक मारली.

ती गेल्यावर नाना भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले. मग म्हणाले, "उद्या आखाजी आहे, गनी."

"हो, नाना."

"नाशिकवाल्याला सोमवारी बोलावलंय. येऊन बघू दे एकदा."

गनीने मान हलवली. आखाजीची सुट्टी त्याने घरात काढली. गल्लीत पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या आणि त्याला सगळीकडे कटिंगच्या पात्याचा आवाज ऐकू येत होता.

सोमवारी नाशिकचा ऑपरेटर आला. माणूस चांगला होता, खोटं कशाला बोला. त्याची दहाच्या दहा बोटं चालत होती आणि गनीला जे काम तासाचं, ते त्याने पंधरा मिनिटांत केलं. नाना मागं उभे राहून खुशीत बघत होते. तेवढ्यात काचेच्या दाराशी एक उंच, वाळकासा म्हातारा आला. धोतर, डोक्याला पागोटं, हातात जपून धरलेली एक पत्रिका.

"पोरनी पत्रिका छापनी शे," तो म्हणाला. "पुढला महिनामा लगीन शे."

"मजकूर लिहून आणलाय का?" ऑपरेटरने पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

"लिखता नही येस, भाऊ. तोंडे सांगस."

तेवढ्यात पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं. "बाबा, आता मशीन अडकलंय," ऑपरेटर म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. मशीन खरंच अडकलं होतं. "कुणाकडून तरी लिहून घ्या आणि अर्ध्या तासाने या."

म्हातारा हलला नाही. त्याने हातातली पत्रिका नानांपुढं धरली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "वहिनीनी सांगं, आठे एक गनीभाऊ शे. मशीन थांबनं का तो आयकी लेस. माले त्यानाकडेच छापनी शे."

नानांनी पत्रिका पाहिली, म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग बाहेर कटिंग मशीनला टेकून उभ्या असलेल्या गनीकडे पाहिलं. खिळ्यावर लटकणाऱ्या गाठींच्या सुतळ्या त्यांना आत्ताच दिसल्या असाव्यात. एकदा डोक्यात बसलेली गोष्ट नानांना तिथून उठवताना गनीने सव्वीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

"तुम्हाला उगाच त्रास दिला," नाना ऑपरेटरला म्हणाले. "चहा घेऊन जा. गनी, ये, बस तुझ्या जागेवर."

गनीने चपला काढल्या. वनाभाऊंना शेजारची खुर्ची दिली. नवीन पत्रिका उघडली आणि दोन बोटं कळांवर ठेवली. "हां, वनाभाऊ. 'आपले नम्र'मा पहिलं नाव?"

"झुंबरबाई," वना म्हणाला.

पत्रिकेत बाईमाणसाचं नाव भाऊबंदांच्या वर टाकायची तेव्हा रीत नव्हती. गनीने विचारलं नाही. एकेक कळ शोधून ते नाव टाकलं, लगेच सेव्ह केलं, खिळ्यावरच्या सुतळीला एक गाठ मारली. पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं.

गनीने खुर्ची पडद्याकडून वनाकडे फिरवली.

"मशीन दम खाई ऱ्हायनं, भाऊ. सांगा, त्या रोज बोरीले पानी कितलं व्हतं?"

वनाने हात छातीपाशी नेऊन उंची दाखवली आणि सांगायला लागला.